कॉपीचा हंगाम

नोव्हेंबर आला की आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतींना घाम फुटतो. वह्यांची पानं मऊ पडतात, पापड मऊ पडतात, कपाटाचं दार फुगून बसतं आणि ते ओढायला बाबांना बोलवावं लागतं. सोलापूरकडचे नातेवाईक फोनवर स्वेटर काढल्याचं सांगतात, तेव्हा चेन्नईत आमचा खरा पावसाळा ऐन भरात असतो. कॉलेजच्या परीक्षाही याच दिवसांत. पाऊस आणि परीक्षा माझ्या डोक्यात अशा चिकटून बसल्या होत्या की ओल्या छत्रीचा वास आला तरी नापास झाल्यासारखं वाटायचं.

म्हणजे, गेल्या नोव्हेंबरपर्यंत वाटायचं.

परवा अर्थशास्त्र विभागाच्या बोर्डावर दुसऱ्या वर्षाच्या सेमिनारचे विषय लागले. बोर्डासमोर एक मुलगी उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, ओठ हलत होते, आणि आपल्या नावापुढचा विषय ती अशी वाचत होती जणू तो दुसऱ्याच कुणाचा तरी निघेल. मला हसू आलं. मग वाईट वाटलं. मग पुन्हा हसू आलं, कारण बरोबर त्याच जागी, तसेच ओठ हलवत, गेल्या वर्षी मी उभी होते.

माझ्या नावापुढं लिहिलं होतं: ऑनलाइन गाणी विकणाऱ्या दुकानांमधली स्पर्धा आणि कॉपीवरची बंधनं. हे सगळं इंग्रजीत. बोलायचंही इंग्रजीत, सगळ्या वर्गासमोर.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेज म्हणजे नेमकं काय असतं हे मला आधी सांगणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून मी पहिलं वर्षभर सगळ्यांच्या मागून चालायचे. सगळे वळले की वळायचे, सगळे हसले की हसायचे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सेमिनारच्या मॅडमनी मला एकदा उभं केलं होतं, तर ओठ हलले आणि आवाजच आला नाही. मॅडम चांगल्या आहेत. ‘पुढच्या वेळी,’ एवढंच म्हणाल्या. पण आता पुढची वेळ शेवटची होती. सेमिनार नाही तर इंटर्नल नाही, इंटर्नल नाही तर हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही तर परीक्षाच नाही.

इंदू नसती तर मी विषय बदलून मागितला असता. इंदू माझी वर्गमैत्रीण. तिचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्पिढ्या तमिळ देशात राहिलेलं मराठी. तिची मराठी ऐकली की आधी मला वाटायचं ही माझी चेष्टा करतेय. बोर्डापुढं माझा चेहरा बघून ती म्हणाली, ‘अग, कशास भितेस? गाण्याचाच विषय की तो! मज बघ काय आलं, खतांची सबसिडी. सबसिडीस काय सूर लावू?’

तिचं घर तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत. खाली शिंप्याचं दुकान, समोर ब्रह्मचारी नोकरदारांचं मॅन्शन, म्हणजे खोल्याखोल्यांची लॉज, त्याच्या प्रत्येक खिडकीत वाळणाऱ्या लुंग्या आणि प्रत्येक खिडकीतून वेगळं गाणं. एका भर पावसातल्या दुपारी आम्ही अभ्यास म्हणून दोन दुकानांतून एकच गाणं विकत घेतलं. इंदू कर्नाटक संगीत शिकते, त्यामुळं गाणं तिनंच निवडलं, कापी रागातलं. पहिल्या दुकानाचं गाणं तिच्या फोनवर छान वाजलं. माझ्या फोनवर पाठवायला गेलो तर पाठवण्याचं बटणच दिसेना. ते त्या दुकानाच्याच अ‍ॅपमध्ये राहणार, तिथंच वाजणार, बाहेर पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या दुकानाचं मात्र सरळ फाइल होऊन आलं, माझ्या फोनवर गेलं, तिच्या भावाच्या जुन्या प्लेअरवरही गेलं. आवाज मोठा व्हावा म्हणून इंदूनं फोन पितळेच्या टंबलरमध्ये उभा केला. खोलीभर तो राग पसरला. जरा लाडिक, जरा हुरहूर लावणारा. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं आणि आम्ही दोघी टंबलरभोवती शेकोटीला बसावं तशा बसलो होतो.

तेवढ्यात आतून तिच्या अम्मानं विचारलं, ‘कापी?’

‘हो, कापीच!’ मी दचकून म्हणाले. मला वाटलं राग विचारतायत. अम्मा फेसाळ कॉफी घेऊन आल्या आणि इंदू पोट धरून हसायला लागली. तमिळमध्ये कॉफीसुद्धा कापीच. आणि परीक्षेत नक्कल करणं म्हणजे कॉपी, तिचाही उच्चार इथं कापीच. ‘एक राग, एक पेय, एक गुन्हा,’ इंदू म्हणाली. ‘तुझ्या सेमिनारात कुठली कापी, ते आधी ठरव.’

त्या दुपारी मला विषय आवडायला लागला. का ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. परत येताना देवळाजवळच्या फुलवाल्या दिसल्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, सगळ्यांकडे तोच मोगरा, तीच कनकांबरं, म्हणजे आपली अबोली. हातानं माप घेऊन मुळम मोजून देतात, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं एक माप. गिऱ्हाईक पुढच्या बाईकडे वळलं की पहिली म्हणते, ‘ये ये, वर चार बोटं जास्त देते.’ स्पर्धा म्हणजे काय ते पुस्तकात इतकं सोपं नव्हतं. मी आपली छत्रीखाली उभी राहून कल्पना करत बसले: समजा, यांच्यातली एक म्हणाली, माझा गजरा फक्त माझ्याकडच्याच आकड्यानं केसांत माळायचा. शेजारणीचा आकडा लावलात तर फुलं गळून पडतील. आणि बहिणीला अर्धा तोडून द्यायचा नाही. किती हसले असते सगळे तिला! पण गाण्यांच्या दुकानांनी अगदी हेच केलं होतं. वाचत गेले तसं कळत गेलं. गाणं विकायचं, पण कुलूप लावून. इतक्याच यंत्रांवर वाजेल, अमक्याच प्लेअरवर वाजेल. म्हणायचं की चोरांसाठी आहे, आणि अडकायचं ते पैसे देणारं माणूस. एकदा एका दुकानाकडून ढीगभर गाणी घेतली की दुसऱ्या दुकानाकडे जाणार कसं? आधीची सगळी इथंच बंद.

समजलं सगळं. बोलता मात्र येईना. आरशासमोर उभी राहिले की पहिलं वाक्य यायचं आणि दुसऱ्याच्या जागी मी वेणी सोडून पुन्हा घालायला लागायचे.

एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून इंदूला फोनवर रडगाणं ऐकवत होते. काय म्हणाले ते मला आठवतं, कारण नंतर आमच्या घरात त्याचं पारायण झालं. मी म्हणाले, ‘कॉपीचं हे प्रकरण माझ्याच गळ्यात यायचं होतं का? मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी सगळ्यांपुढं उभं राहून काय ते सांग, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय.’

आत बाबा चपलेचा अंगठा शिवत होते. सुई थांबली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे कारखान्यातला मदतनीस, म्हणून लागले आणि आता फिटर आहेत. बोलणं कमी. त्या दिवसापासून ते अजूनच कमी झालं, पण वागणं विचित्र झालं. मी वाचायला बसले की ते टीव्ही बंद करायचे, आईची मालिका चालू असली तरी. न सांगता माझ्यासाठी तांबडी केळी आणायचे. जाता येता दारात थबकायचे.

‘वैशू.’

‘काय, बाबा?’

‘काही सांगायचंय का?’

‘नाही, बाबा.’

‘सांगायचं असलं तर सांग. मी रागवायचो नाही.’

‘काहीच नाही, बाबा.’

ते मान हलवून निघून जायचे. आई म्हणायची, ‘यांना पावसानं वात झालाय.’

शुक्रवार उजाडला तो काळाकुट्ट. बसमध्ये खिडक्या बंद, काचांवर वाफ, सगळ्यांच्या अंगाला ओल्या सुती कपड्यांचा वास आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या लिंबूभाताचा. मी चिठ्ठीवरची वाक्यं पुटपुटत होते आणि शेजारची बाई मला जागा करून देत होती. तिला वाटलं मी जप करतेय.

वर्गात पोचते न पोचते तोच इंदू धावत आली. ‘वैशू! तुझे अप्पा मिसच्या खोलीत हात जोडून उभे आहेत!’

मी पळाले. दारातून पाहिलं तर बाबाच. लग्नाकार्याला घालायचा इस्त्रीचा शर्ट, बगलेत गळणारी छत्री, पायाखाली पाण्याचं छोटं तळं. मॅडम खुर्चीवरून अर्धवट उठलेल्या. बाबा त्यांच्या रेल्वेतल्या तमिळमध्ये बोलत होते. कारखान्यात नटबोल्ट आणि चहापाण्यासाठी जी तमिळ लागते, ती.

‘मॅडम, एन पोण्णु कापी कुडिच्चिट्टा. मन्निच्चिडुंग.’

मला हे मराठीत सांगायलाच हवं. नक्कल करण्याला तमिळमध्ये म्हणतात ‘कापी अडिक्किरदु’, म्हणजे कापी मारणं. कुडिक्किरदु म्हणजे पिणं. रोज दहा वेळा कॉफी पिणाऱ्या माणसांत राहून बाबांच्या तोंडात बसलेलं क्रियापद ऐनवेळी तेच आलं. म्हणजे बाबा हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होते: माझ्या मुलीनं कापी प्यायली, एकवार माफ करा.

मॅडम गोंधळून म्हणाल्या, ‘मग त्यात काय झालं? मीपण रोज पिते.’

बाबांचा चेहरा असा झाला की मी जन्मात विसरणार नाही. ‘रोज?’

‘सकाळी एकदा, इथं आल्यावर एकदा.’

‘तुम्ही? मॅडम असून?’

‘आमच्या घरी सगळेच पितात,’ मॅडम म्हणाल्या. ‘माझ्या सासूबाई तर त्याशिवाय पांघरुणातून बाहेर येत नाहीत.’

बाबा मागं सरकले आणि त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. तेव्हा मात्र इंदूला राहवलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसता हसता तिनं मॅडमना तमिळमध्ये आणि बाबांना मराठीत उलगडा केला: ‘काका, वैशूनं कापी केली नाही, प्यालीही नाही. तिला कापीवर बोलायचं आहे. तिचा धडा तो!’

‘कॉपीवर? कॉलेजात कॉपी शिकवतात?’

‘कॉपी करू देत नाहीत, त्यावर, बाबा,’ मी म्हणाले. हसू की रडू कळत नव्हतं. ‘गाण्याची कॉपी. दुकानवाले करू देत नाहीत.’

बाबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, ‘म्हणजे तुला काढत नाहीयेत?’

‘नाही, बाबा.’

त्यांनी छत्री बगलेतून काढली, पुन्हा बगलेत घातली. मॅडमनी चष्मा पुसला. बाबांना ‘उक्कारुंग, अप्पा’ म्हणाल्या, बसा म्हणून, आणि त्यांना सरळ वर्गात घेऊन आल्या. मला फळ्याकडे ढकललं. ‘तुझ्या वडिलांना कळेल असं सांग,’ एवढंच बोलल्या.

बाबा शेवटच्या बाकावर बसले. छत्री कुठं ठेवावी हे न कळून ती दोन्ही गुडघ्यांत धरून. मी इंग्रजीतलं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. बाबा अगदी सभ्य चेहऱ्यानं ऐकत होते, पण परक्या भाषेतली घोषणा ऐकणाऱ्या प्रवाशासारखे. आपली गाडी आली की गेली, काही पत्ता नाही. तिसरं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर यायला नाहीच म्हणालं. आणि त्या जागी दुसरंच काहीतरी बाहेर आलं, तमिळमध्ये, मध्येमध्ये इंग्रजी घालून.

‘पूर्वी एग्मोर स्टेशनातून मीटरगेज गाड्या सुटायच्या, अरुंद रुळांच्या. सेंट्रलवर ब्रॉडगेज, रुंद रुळांच्या. मुंबईहून कुणी मदुरेला निघालं तर सेंट्रलला उतरायचं, ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या, मधला मैल-दीड मैलाचा रस्ता कापायचा आणि एग्मोरला दुसऱ्या गाडीत बसायचं. तिकीट खरं, प्रवासी खरा. पण ती गाडी या रुळावर चालत नाही.’

बाबा सरळ बसले.

‘गाण्याच्या दुकानांनीही असे आपापले रूळ टाकले. या दुकानातून घेतलेलं गाणं याच प्लेअरवर. दुसरीकडे न्यायचं तर खाली उतरा, पुन्हा विकत घ्या. फरक इतकाच, की इथं रूळ मुद्दाम वेगळे ठेवलेले. प्रवासी दुसऱ्या गाडीत जाऊ नये म्हणून.’

वर्गात कुणीतरी ‘अरे’ म्हणालं. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो तितकासा वाईट नव्हता. मी सांगत गेले. मग एका दुकानानं गिऱ्हाइकं ओढायला ठरवलं, आमच्या गाण्याला कुलूप नाही, कुठल्याही यंत्रावर वाजवा. लोक तिकडे वळले. मग बाकीच्यांनाही एकेक करून आपली कुलपं काढावी लागली, नाहीतर त्यांचे फलाट रिकामे पडले असते.

‘म्हणजे गेज कन्व्हर्जन!’ शेवटच्या बाकावरून बाबा मराठीत ओरडले. रेल्वेनं सगळे रूळ एका मापाचे केले, ते.

सगळा वर्ग मागं वळला. बाबा ओशाळून छत्रीमागं लपायला लागले. पण मॅडम उठल्या आणि त्यांनी ते दोन शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, खाली रेघ ओढली, आणि मुलांनी बाकं वाजवली.

मग एका मुलानं विचारलं, ‘कुलूप काढलं आणि सगळ्यांनी फुकट कॉप्या वाटल्या, तर गाणाऱ्यानं जगायचं कसं?’ या प्रश्नाचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. मी इंदूकडे पाहिलं. तीही उद्या गाणार, तिचंही गाणं कुणीतरी विकणार. मी म्हणाले, ‘याचं पूर्ण उत्तर मला माहीत नाही. घेणं सोपं असलं तर बरेच लोक पैसे देऊन घेतात, असं दिसतं. सगळे देत नाहीत. कुलूप नको असं म्हणताना गाणाऱ्याचा वाटा कुठून यायचा, हे मला अजून शोधायचंय.’

‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात खूप वेळा मनात म्हटलं होतं. उभं राहून, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं ते त्या दिवशी. आणि काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. मुलगा ‘ठीक’ म्हणून खाली बसला. त्याला प्रश्न पडला होता, मलाही पडला होता, आम्ही दोघं एका बाजूला होतो.

घरी येताना बसमध्ये बाबा माझी पिशवी आपल्या मांडीवर घेऊन बसले. त्या संध्याकाळी आईनं भज्यांचा घाणा काढता काढता मला हळूच सांगितलं, तेव्हा मला त्यांचे ते जोडलेले हात कळले. बाबा दहावीच्या परीक्षेला बसले होते तेव्हा वर्गात भरारी पथक आलं. त्यांच्या बाकाखाली कुणाची तरी चिठ्ठी सापडली. त्यांची नव्हती. पण सांगायला कुणी मोठं माणूस बरोबर नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. पेपर काढून घेतला. ते पुन्हा शाळेत गेले नाहीत.

‘म्हणून आले होते,’ आई म्हणाली. ‘म्हणे, तिच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजे.’

मी भजी न खाता नुसतीच हातात धरून बसले. बाबा बाहेर शेजारच्या मुरुगन काकांना एग्मोरचा जुना फलाट हातवारे करून समजावून सांगत होते, आणि मधूनमधून ‘माझी मुलगी’ एवढंच मला तमिळमध्ये ऐकू येत होतं.

गाणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी पहिल्याचं कमी होत नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून फार नवलाची वाटते. फुलांचं तसं नाही, भज्यांचं तर नाहीच नाही. हिंमतीचं काय असतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

यंदा मी तिसऱ्या वर्षाला आहे. या वेळी विषय मी स्वतः मागून घेतला: गाणं विकत न घेता महिन्याची वर्गणी भरून ऐकायचं, आणि वर्गणी थांबली की सगळं गायब, याला लोक तयार कसे होतात? काल माझा दिवस होता. रात्रभर पाऊस कोसळला आणि पहाटे टीव्हीवर पट्टी फिरली: शाळा-कॉलेजांना सुट्टी. क्वार्टर्समधून एकच आरोळी उठली. मुलं गुडघाभर पाण्यात उतरली. इंदूचा मेसेज आला, नुसत्या नाचणाऱ्या बाहुल्या.

आणि मी तयार होऊन, वेणी घालून, स्वयंपाकघराच्या दारात तोंड पाडून उभी.

‘अगं, सुट्टी मिळाली, हस की,’ आई म्हणाली.

‘आज बोलायचं होतं मला.’

आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाहेरच्या खोलीत बाबांनी पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. आईनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि पाटावर बसली.

‘हं,’ ती म्हणाली. ‘कर सुरू.’